तगर कोठें आहे?



दिशा सांगणें ही फार सोपी गोष्ट आहे असें आपणांस वाटतें. "मारुतीच्या देवळापासून उजवीकडे वळा आणि तेथून सरळ पूर्वेस जा," असें कोणीं सांगितलें, कीं आपण निःशंकपणें चालूं लागतों. परंतु सांगणाराचें तोंड कोणीकडे होतें, तो कोठें उभा होता, आणि त्याची पूर्व ही सूर्याची पूर्व कीं रस्त्याची पूर्व, हें न विचारतां निघालेला मनुष्य संध्याकाळीं भलत्याच गांवीं जाऊन पोंचतो. आज आपल्यापुढें मांडावयाची आहे ती अशाच एका दिशेची हकीकत. सुमारें साडेएकोणीसशें वर्षांपूर्वी एका परदेशी व्यापाऱ्यानें ती दिशा लिहून ठेविली. तिच्या आधारें एक मोठें नगर शोधण्याचा खटाटोप विद्वानांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ चालविला; आणि तें नगर अखेर मराठवाड्यांत, ज्याचें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं बदलून धाराशिव असें झालें त्या जिल्ह्यांत, तेरणा नदीच्या कांठीं सांपडलें.

हल्लींच्या तरुण मंडळींत 'जिओकॅशिंग' नांवाचा एक खेळ आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं अमेरिकेच्या सरकारनें आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेविलेली अस्पष्टता काढून टाकली, आणि हातांतल्या लहानशा यंत्रावर आपण कोठें आहों हें कांहीं मीटरांच्या अंतराइतकें अचूक कळूं लागलें. लागलीच ३ मे रोजीं ऑरेगॉन राज्यांतील डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें रानांत एक बादली अर्धवट पुरून ठेविली, तिच्यांत एक वही व किरकोळ वस्तू घातल्या, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला ती सांपडेल त्यानें वहींत नांव लिहावें, हवी तर एखादी वस्तु घ्यावी, तिच्या जागीं दुसरी ठेवावी, आणि पेटी होती तेथेंच झांकून परत यावें, असा या खेळाचा रिवाज पडला. पुढें त्यांत कोडीं शिरलीं. सरळ आंकडे न देतां "अमक्या खांबापासून आग्नेयेस इतकीं पावलें, तेथून उत्तरेस इतकीं" अशी वाट सांगावयाची, आणि खेळणारानें होकायंत्र घेऊन ती उलगडावयाची. आज जगांतील अनेक देशांत लोक सुटीच्या दिवशीं हा खेळ मोठ्या हौसेनें खेळतात.

तगराचें कोडें याच जातीचें आहे. फरक इतकाच, कीं तें कोणीं खेळ म्हणून घातलें नव्हतें. आपण कोडें घालीत आहों याची घालणाराला कल्पनाही नव्हती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ग्रीक भाषा बोलणाऱ्या आणि मिसर देशांत राहणाऱ्या एका व्यापाऱ्यानें एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्या लेखकाचें नांव आज कोणालाच ठाऊक नाहीं. पुस्तक मात्र 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें घातलेली फेरी. कोणत्या बंदरांत काय खपतें, काय विकत मिळतें, वारा केव्हां अनुकूल असतो, गलबताला धोका कोठें आहे, अशी रोकडी माहिती त्यांत आहे. अलंकार नाहींत, काव्य नाहीं. त्याची दहाव्या शतकांत लिहिलेली एक प्रत जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आहे, आणि १५३३ सालीं बाझल येथें तें पुस्तक प्रथम छापलें गेलें. एवढ्या बारीक धाग्यावर ही माहिती आपल्यापर्यंत येऊन पोंचली आहे.

या व्यापाऱ्याला भडोच बंदर उत्तम ठाऊक होतें. भडोचपलीकडील प्रदेशाला तो 'दखिनाबदेस' म्हणतो, आणि तिकडील लोकांच्या भाषेंत 'दखनोस' म्हणजे दक्षिण, म्हणून हें नांव पडलें, असा खुलासाही करतो. आपला दक्षिणापथ तो हाच. या प्रदेशांत दोन बाजारपेठा विशेष मोठ्या आहेत असें तो सांगतो. पहिली पैठण, ती भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर; तें पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून फार मोठें नगर आहे. पैठणहून अकीकाचे खडे येतात. तगराहून जाडेंभरडें कापड, नाना प्रकारच्या मलमली, आणि समुद्रकिनाऱ्याकडील मुलखांतून तेथें जमा होणारा इतर माल येतो. हें सर्व गाड्यांत भरून, जेथें धड वाट नाहीं अशा विस्तीर्ण प्रदेशांतून भडोचला उतरवितात. संपलें. तगराविषयीं आपला वाटाड्या याहून कांहीं सांगत नाहीं.

कोड्याचे घटक आतां आपल्या हातीं आले. आरंभाचें ठिकाण एक, दिशा दोन, अंतरें दोन, आणि शेवटीं एक नांव. यांपैकीं भडोच कोठें आहे याविषयीं वाद नाहीं. पैठणविषयींही नाहीं, कारण गोदावरीच्या उत्तर तीरावरील तें क्षेत्र आपलें जुनें नांव धारण करून आजतागायत नांदत आहे. मग तगरच तेवढें कोठें गेलें?

नकाशा, पट्टी आणि कर्कटक घेऊन आपणही हा खेळ घरीं खेळूं शकतां. भडोचपासून पैठण पक्षी उडेल त्या सरळ रेषेनें सुमारें २२० मैल भरतें. त्याला वीस दिवस लागले, तर रोजची मजल सुमारें अकरा मैलांची, म्हणजे पांच-साडेपांच कोसांची झाली. घाट, नद्या व वळणें लक्षांत घेतां लादलेल्या बैलगाडीला ही चाल अगदीं साजेशी आहे. त्याच हिशेबानें दहा दिवसांत सुमारें शंभर मैल पडतील. आतां कर्कटकाचें टोंक पैठणवर रोंवून शंभर मैलांचें वर्तुळ काढा, आणि पैठणपासून नीट पूर्वेस रेषा ओढा. ती वर्तुळाला कोठें छेदते? परभणी आणि जिंतूर यांच्या आसपासच्या मुलखांत. आणि तेथें तगर या नांवाशीं जुळणारें, जुन्या राजधानीच्या खुणा बाळगणारें असें कोणतेंही नगर नाहीं.

म्हणजे दिलेल्या माहितींत कोठें तरी पाणी मुरतें आहे. दिशा चुकली कीं अंतर चुकलें? कीं नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून शब्द चुकला? येथूनच विद्वानांचे मार्ग निरनिराळे झाले.

पहिला नामांकित प्रयत्न फ्रान्सिस विल्फर्ड याचा. ठाणें येथें १७८७ सालीं शिलाहार राजांचा एक ताम्रपट सांपडला. शिलाहार स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा तगरपुराचे स्वामी, असें मोठ्या अभिमानानें म्हणवीत. ते राज्य करीत कोंकणांत व कोल्हापुरास. परंतु मूळ गांवाची आठवण त्यांनीं बिरुदांत जतन केली होती, जशी आपल्यांतील कित्येक घराणीं पिढ्यान्पिढ्या सोडलेल्या गांवाचें नांव आडनांवांत बाळगतात. विल्फर्डनें १७८८ च्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत तगरावर निबंध लिहिला आणि तें देवगिरी, म्हणजे दौलताबाद, असावें असें मत दिलें. ग्रँट डफ यानें बीडकडील गोदाकांठ सुचविला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा कल जुन्नरकडे होता. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासांत धारूरचें नांव घेतलें. कोल्हापूरही पुढें आलें.

या सर्वांना कोड्याच्या कसोटीवर घासून पाहिलें म्हणजे मोठी मौज दिसते. दौलताबाद पैठणच्या उत्तरेस, जरासें पश्चिमेकडे झुकलेलें, आणि अवघ्या तेहतीस-चौतीस मैलांवर. तेथें दिशाही जात नाहीं आणि अंतरही नाहीं. जुन्नर पैठणपासून बरोबर शंभर मैलांच्या घरांत आहे, पण पश्चिमेस! अंतर नेमकें जुळतें आणि दिशा नेमकी उलटी पडते. बीड आग्नेय बाजूस खरें, पण दहा दिवसांच्या वाटेचा निम्मा पल्लाही तेथें भरत नाहीं. धारूर त्याच बाजूस सुमारें पासष्ट मैलांवर. दिशा बरी, पण चालण्याचे दिवस तीन-चार उरतात. कोल्हापूर तर नैर्ऋत्येकडे दोनशें मैलांहून अधिक दूर. प्रत्येकानें कोड्यांतील एक धागा घट्ट धरला होता आणि बाकीचे सोडून दिले होते. कोणीं राजबिरुदाचा धागा धरला, कोणीं लेण्यांच्या वैभवाचा, कोणीं नुसत्या दिशेचा.

या कोड्याचा उलगडा १९०१ सालीं झाला. मुंबई इलाख्यांत सनदी नोकरी केलेले आणि दख्खनच्या शिलालेखांचा आयुष्यभर अभ्यास केलेले जॉन फेथफुल फ्लीट यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत एक लेख लिहून तगर म्हणजे निजामाच्या राज्यांतील तेर हें गांव होय, असें प्रतिपादन केलें. धाराशिवच्या ईशान्येस सुमारें बारा मैलांवर असलेलें हें तेर आपणां मराठी माणसांना अनोळखी नाहीं. संत गोरा कुंभार यांचें गांव तें हेंच. ज्या गोरोबाकाकांनीं संतांच्या मेळ्यांत थापटणें घेऊन कोणतें मडकें कच्चें आणि कोणतें पक्कें याची परीक्षा केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों, त्यांच्याच गांवानें पंडितांच्या मडक्यांचीही परीक्षा पाहावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

फ्लीट यांचें मडकें पक्कें ठरलें, याचें कारण त्यांनीं तीन बाजूंनीं तें थापटून पाहिलें होतें. पहिली बाजू नांवाची. संस्कृत शब्दांतील दोन स्वरांमध्यें सांपडलेला 'ग' प्राकृतांत झिजून जातो. नगर याचें प्राकृतांत 'णयर' होतें, आणि संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर या आपल्या गांवांच्या शेवटीं जो 'नेर' आहे तो याच णयराचा अवशेष म्हणून भाषाशास्त्री सांगतात. ज्या वाटेनें नगराचें नेर झालें त्याच वाटेनें तगराचें 'तयर' आणि तयराचें 'तेर' झालें. संगमनेरास जाऊन आलेल्या कोणाही मराठी माणसाच्या जिभेवर हा पुरावा बसलेला होता, परंतु तो तेथें आहे हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. दुसरी बाजू अंतराची. पैठणपासून तेर सरळ रेषेनें सुमारें ९५ मैल, म्हणजे दीडशें किलोमीटर आहे. दहा दिवसांनीं भागलें तर रोजचे साडेनऊ मैल पडतात, आणि हें प्रमाण भडोच-पैठणच्या चालीशीं उत्तम मिळतें. तिसरी बाजू रस्त्याची. पूर्व किनाऱ्यावरून, मच्छलीपट्टणच्या बाजूनें निघालेला व्यापारी मार्ग दख्खनचें पठार ओलांडून तेर, पैठण, दौलताबाद असा भडोचकडे जातो, असें फ्लीट यांनीं दाखविलें. तगरांत समुद्रकिनाऱ्याकडील माल जमा होतो, हें ग्रीक व्यापाऱ्याचें वाक्य तोंवर विचित्र वाटे. हा समुद्र पश्चिमेचा नसून पूर्वेचा, असें धरतांच त्यांतला विचित्रपणा नाहींसा झाला.

पुढें याला आणखीही बळकटी आली. इसवी सन ६१२ च्या एका चालुक्य ताम्रपटांत तगर येथील रहिवासी ब्राह्मणाला दान दिल्याचा उल्लेख आहे. अर्थात् सातव्या शतकांत तें नांव रुळलेलें होतें. अपभ्रंश भाषेंतील 'करकंडचरिउ' हा जैन ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनीं १९३४ सालीं कारंजा ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. त्यांत 'तेरापुर' नांवाच्या नगराचें आणि त्याच्या जवळच्या डोंगरांतील लेण्यांचें वर्णन आहे, आणि तीं लेणीं म्हणजे धाराशिवचीं लेणीं असें त्यांनीं दाखविलें. तगर आणि तेर यांच्या मधला टप्पा अशा रीतीनें एका कवीच्या पोथींत जपून राहिला होता.

हें सर्व ठीक, पण चोखंदळ श्रोता येथें विचारील, "अहो, पूर्व दिशेचें काय झालें?" प्रश्न रास्त आहे. तेर पैठणच्या पूर्वेस नाहीं. आग्नेयेच्याही थोडें दक्षिणेकडे आहे. पूर्वेपासून मोजलें तर जवळजवळ साठ अंश दक्षिणेकडे. फ्लीट यांचा उलगडा स्वीकारावयाचा तर ही एवढी चूक ग्रीक व्यापाऱ्याच्या पदरीं बांधावी लागते. आणि त्याची पहिली दिशा तरी कोठें बरोबर आहे? पैठण भडोचच्या दक्षिणेस नसून आग्नेयेस आहे.

ही चूक कशी झाली असावी, याचा विचार करणें हा या कोड्यांतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं त्या काळीं होकायंत्र नव्हतें. चुंबकाच्या सुईचें वर्णन चीनमध्यें शेन क्वो यानें १०८८ च्या सुमारास केलें, आणि युरोपांतील ग्रंथांत ती सुई बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसूं लागते. म्हणजे आपल्या व्यापाऱ्याहून हजार वर्षें पुढची ती गोष्ट. याचा अर्थ दिशा अचूक काढतां येत नव्हती असा मात्र नव्हे. आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या काळापासून शंकूची रीत होती. सपाट जमिनीवर एक काठी उभी रोंवावयाची, तिच्याभोंवतीं वर्तुळ काढावयाचें, सकाळीं छायेचें टोंक वर्तुळाच्या आंत शिरतांना एक खूण व दुपारनंतर बाहेर पडतांना दुसरी खूण करावयाची. त्या दोन खुणा जोडल्या कीं पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिच्यावरून दोरीनें उत्तर-दक्षिण काढतां येते. यज्ञाची वेदी अशा रीतीनें आंखीत. पण लमाणाचा तांडा कांहीं चौकाचौकांत शंकु रोंवून चालत नाहीं. त्याची पूर्व म्हणजे उगवत, आणि त्याची पश्चिम म्हणजे मावळत. ग्रीक भाषेंतही पूर्वेला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ उगवणें हाच आहे.

आणि उगवत तर रोज जागा बदलते! पावसाळा संपल्यावर, वाटा सुकल्यावर, कार्तिकापासून पुढें गाड्या बाहेर पडतात. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत पैठणच्या अक्षांशावर तो खऱ्या पूर्वेपासून सुमारें २५ अंश दक्षिणेकडे उगवतो. गाडीवानानें "उगवतीला तोंड करून निघावयाचें" असें सांगितलें असेल, तर तेवढ्यानेंच चूक निम्म्याच्या आसपास कमी होते. उरलेल्या अंतराचा जाब रस्त्याला विचारला पाहिजे. पैठणची गोदावरी पूर्वेकडे वाहते. तांडा प्रथम कांहीं मजला नदीच्या कांठानें उतरत गेला, आणि मग बालाघाट चढण्यासाठीं दक्षिणेकडे वळला, तर प्रवाशाच्या मनांत राहते ती निघतांनाची दिशा. आजही पुण्याहून नागपुरास जाणारा मनुष्य मी ईशान्येस चाललों असें म्हणत नाहीं. तो प्रथम नगर रस्ता धरतों असें म्हणतो.

पहिल्या चुकीचें मूळ तर याहूनही मजेदार असावें. दक्षिण या शब्दाचा मूळ अर्थ उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभें राहिलें कीं उजव्या हाताला येते ती दक्षिण. दक्षिणापथ हें नांव उत्तरेंत उभ्या असलेल्या कोणीं तरी आपल्या उजव्या हाताच्या मुलखाला दिलें, आणि आपण दख्खनचे लोक तेंच नांव स्वतःला लावून बसलों. भडोचच्या पेठेंत कोणीं आपल्या व्यापाऱ्याला "पैठण दक्षिणापथांत" असें सांगितलें असेल, आणि त्यानें सरळ "दक्षिणेस" असें टिपून घेतलें असेल, तर त्यांत नवल नाहीं. देशाचें नांव आणि होकायंत्राची दिशा यांची त्याच्या वहींत गल्लत झाली. त्याचा दोषही फार नाहीं. त्याचें लक्ष बंदरावर होतें आणि आंतला मुलूख त्याला बहुधा ऐकूनच ठाऊक होता. शंभर वर्षांनीं टॉलेमीसारख्या थोर भूगोलज्ञानें आंकडे देऊन नकाशा केला, त्यांतही तगर आहे. पण त्याच्या नकाशांत सबंध हिंदी द्वीपकल्पच चेपून आडवें झालें आहे. व्यापाऱ्याच्या ढोबळ दिशेपेक्षां त्या नेटक्या आंकड्यांनींच मनुष्य अधिक फसावयाचा.

नांव, अंतर आणि रस्ता यांवरून जें सिद्ध झालें त्याला मातीनेंही दुजोरा दिला. फ्लीट यांच्या लेखानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनीं तेर पाहिलें आणि १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांतांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाहतांच त्याच्या गजपृष्ठाकार बांधणीवरून तें मूळचें चैत्यगृह असावें हें त्यांनीं ओळखिलें. दगडांत कोरलेलीं चैत्यगृहें आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण विटांनीं बांधलेलें आणि उभें राहिलेलें असें उदाहरण फार विरळा. १९५८ सालीं श्री. चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें, आणि पुढेंही उत्खननें झालीं. सातवाहनकालीन वसाहतीचे थर, विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष, भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ति, शंखाच्या बांगड्या, मणी, नाणीं अशा वस्तू उजेडांत आल्या. तेर येथें मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति तर इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या जवळच्या नात्यांतील आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेरणेच्या कांठची कला आणि नेपल्सच्या आखाताकांठचें घर हीं दोन टोंकें ज्या वाटेनें जोडलीं गेलीं, त्याच वाटेचें वर्णन आपल्या अनामिक व्यापाऱ्यानें केलें होतें.

या वस्तूंचा मोठा संग्रह तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वर्षानुवर्षें खपून केला, आणि त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथें उभें आहे. मराठवाड्यांत जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, आणि माळवदावर घालण्यासाठीं पांढरीची माती खणून नेण्याची रीत जुनी आहे. अशा खणण्यांत आणि पावसानें वाहून जाण्यांत किती नाणीं, किती मणी, किती मूर्ति हरवल्या असतील याची मोजदाद होणें नाहीं. एका गृहस्थानें त्या वेंचून ठेविल्या, हा उपकार लहान नव्हे.

परंतु येथेंच आपल्या कोड्याचें मर्म पुन्हां समोर येतें. टेकाडावरून उचललेला मणी सुंदर असतो. पण तो कोणत्या थरांत होता, त्याच्याशेजारीं काय होतें, हें ठाऊक नसलें तर त्याचें वय सांगणें कठीण. उत्खननांत निघालेल्या फुटक्या खापराचें मोल त्यामुळेंच कित्येकदां अखंड मूर्तीहून अधिक असतें. ज्याप्रमाणें कोठून हें ठाऊक नसलेली दिशा निरुपयोगी, त्याप्रमाणें कोठली हें ठाऊक नसलेली वस्तु अर्धी मुकी. पेटी सांपडली तर वहींत नोंद करावी आणि ती जागच्या जागीं ठेवावी, हा जो त्या आधुनिक खेळाचा नियम, त्यांत इतिहाससंशोधनाचें सबंध शास्त्र सांठविलेलें आहे. धनाचा लोभी मनुष्य वस्तु नेतो आणि जागा मोडतो. संशोधक जागा लिहून ठेवतो, मग वस्तूला हात लावतो.

याच जिल्ह्याच्या भूगोलांत आणखी एक चमत्कारिक योग आहे. तुळजापूरच्या पश्चिमेस सुमारें पांच मैलांवर १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश या दोन पूर्ण रेषा एकमेकींना छेदतात. अशा छेदनबिंदूंना प्रत्यक्ष भेट देऊन तेथील छायाचित्र काढण्याचा एक जागतिक उपक्रम १९९६ सालापासून सुरू आहे. त्या बिंदूवर कोणतेंही राज्य नांदलें नाहीं, कोणताही बाजार भरला नाहीं. मोजणारांनीं आपल्या सोयीसाठीं पृथ्वीवर ओढलेल्या काल्पनिक रेषांचा तो सांधा. तरीही खिशांतील यंत्र हातांत घेतलें कीं कोणीही मनुष्य तेथें तासाभरांत जाऊन उभा राहील. आणि तेथून अवघ्या तेवीस-चोवीस मैलांवरचें तगर, जें एके काळीं रोमच्या बाजाराला कापड पुरवीत होतें, तें शोधावयास विद्वानांना शतक लागलें! यावरून असें दिसतें, कीं स्थानाची अचूकता ही एक गोष्ट आणि स्थानाची ओळख ही दुसरी. पहिली यंत्र देतें. दुसरी नांवांत, रस्त्यांत, मातींत आणि लोकांच्या तोंडीं विखुरलेली असते, आणि ती वेंचावी लागते.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंति आहे. आपापल्या गांवाचें नांव, त्याच्या शिवारांतील वाटांचीं जुनीं नांवें, ओढ्यांचीं, टेकाडांचीं, वेशींचीं नांवें घरांतील वडील माणसांना विचारून लिहून ठेवावीं, आणि तीं सांगणारा कोठें उभा राहून सांगत आहे हेंही लिहून ठेवावें. तेर या दोन अक्षरांचा उच्चार तेरणेकांठच्या लोकांनीं शतकानुशतकें सोडला नाहीं, म्हणून तगर आपणांस परत मिळालें. गांवकऱ्यांना तें तगर आहे हें ठाऊक नव्हतें, आणि ज्यांना तगर हवें होतें त्यांना तेर ठाऊक नव्हतें. या दोघांची गांठ पडली आणि कोडें सुटलें. अशीं न सुटलेलीं कोडीं दख्खनच्या प्रत्येक तालुक्यांत पडून आहेत. त्यांच्या किल्ल्या कोणाच्या घरीं आहेत, हें विचारल्यावांचून कळणार नाहीं.